सतरावा प्रश्न

सिस्टरने कागद असा आपटला, की शेजारच्या आकडेवाल्याचा, म्हणजे निकालांचं गणित मांडणाऱ्याचा, चहा बशीत सांडला. त्याने मान वर केली नाही. पुढच्या वर्षीपासून मधुमेहाच्या रुग्णांना शिकवायचं, तर एक परीक्षा पास व्हावी लागणार होती. तिचे प्रश्न निवडायला पाच जण सकाळपासून बसले होते. सतरावा सिस्टरचा होता. इन्सुलिन घेऊनही साखर उतरत नाही, आधी काय कराल? तिचं उत्तर होतं, टोचायची जागा चाचपून पाहा.

चाचणी परीक्षेत वरच्या नंबरवाल्यांनी ‘डोस वाढवा’ लिहिलं होतं आणि तळाच्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. हुशार चुकतात आणि ढ बरोबर ठरतात तो प्रश्नच सदोष, असा आकडेवाल्याचा नियम.

“तळाच्या म्हणजे माझ्या वॉर्डातल्या नर्सेस,” सिस्टर म्हणाली. “त्या रोज पोटं चाचपतात.”

“नियम सगळ्यांना सारखा,” म्हणत अध्यक्ष डॉक्टरांनी प्रश्नावर काट मारली.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवायला बाजूच्या खोलीत गेली, तर डॉक्टर शर्ट वर करून इन्सुलिनचं पेन लावत होते. तुमच्यापासून काय लपवायचं, म्हणाले. दोनदा डोस वाढवला, तरी साखर दाद देत नव्हती.

“कायम तिथेच टोचता?”

“सवयीची जागा. दुखत नाही तिथे.”

“नाहीच दुखणार. हात लावून बघा.”

त्यांनी बोट दाबलं आणि तसंच ठेवलं. एकाच जागी टोचून कातडीखाली बोराएवढी गाठ झाली होती; तिच्यातून इन्सुलिन अंगात नीट भिनत नव्हतं. सिस्टरच्या ओठांवर बरंच आलं होतं, ते तिने गिळलं. जागा बदलाल तेव्हा डोस आधी कमी करा, नाहीतर साखर एकदम कोसळेल, एवढंच सांगून ती निघाली.

दुपारी आकडेवाल्याने अठरावा काढला.

“थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “सतरावा ठेवू.”

“सर, पण त्यात हुशार लोक चुकलेत.”

“हो. माहीत आहे मला.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने आभार मानले नाहीत. बावीस वर्षं ती परक्या पोटांवरच्या गाठी सांगत आली होती, आणि पटायला यांना स्वतःचं पोट लागलं.

“पुढचा घ्या,” ती म्हणाली.