बसलेली कप्तान

"मॅडम, सृष्टी कप्तान राहिली तर आमी खेळणार न्हाय," अर्पितानं एका दमात सांगून टाकलं. तिच्या मागे सगळा संघ माना खाली घालून उभा.

नळदुर्गच्या शाळेत मी खेळ शिकवते. मुलींचा खो-खो संघ माझ्याकडे. तालुक्याचा अंतिम सामना शनिवारी, आणि या बायांना बंड सुचलं बुधवारी! माझं डोकं मुळातच लवकर तापतं. "मग घरी जाऊन भाकरी थापा," म्हणाले. एक हलली नाही.

खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती. दहावीतल्या सृष्टीसारखी पळणारी पोर मी पाहिली नाही, पण खो द्यायचं तिच्या जिवावर येई. समोरची पोर बसलेल्यांच्या मधून पलीकडे निसटली की पाठलाग करणारीनं तिकडे तोंड करून बसलेलीला खो द्यावा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही मात्र स्वतःच पळत पार खांबापर्यंत जाणार, वळसा घालून येणार, तोवर ती पोर तिसरीकडेच. मग राग बसलेल्यांवर. "दगड बसवलेत नुसते!" आठवीतली शिवप्रिया तर तिच्या ओरडण्याला इतकी भ्यायची की खो मिळाला तरी आधी दचकायची, मग उठायची.

सृष्टीनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे येऊन मला म्हणाली, "माझं काय चुकलं, मॅडम? सगळ्यांच्या वाटचं मीच तर पळते."

तिला ते मनापासून खरं वाटत होतं. तिची दयाही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

"शनिवार हिच्याच कप्तानीत खेळा," मी मुलींना म्हणाले. "नंतर तुम्ही ठरवाल तसं." आणि सृष्टीला सांगितलं, "तोवर सरावात तू बसायचं. कुणी खो दिला तरच उठायचं."

मुली कसल्या बेरकी! गुरुवारी तिला कुणीही खो दिला नाही. तिच्या पाठीमागून पळत जायच्या आणि शेजारणीला द्यायच्या. मी पाहिलं, पण घेऊ दे म्हटलं हिलाही चव. ती बसल्या जागेवरून हुकूम सोडत राहिली, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

शुक्रवारी तिचा आवाज बसला होता. खो-खोत बसलेलीला एकाच बाजूचं मैदान दिसतं. शेजारची उलट तोंडानं बसलेली असते. त्या दिवशी शेजारी शिवप्रिया होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "आली... आता खांबाकडं जाती... न्हाय, आत शिरंल." आणि पळणारी खरंच आत शिरली.

सृष्टीनं मान वळवली. "तुला आधीच कळतं व्हय गं?"

"बसून बसून कळतं की, ताई. तू कधी बसलीसच न्हाय."

मला वाटलं, आता भडकणार. पण ती म्हणाली, "मोठ्यानं सांग मग. तुझ्या बाजूचं तू सांग, माझ्या बाजूचं मी सांगते."

हळूहळू सगळ्याच बोलायला लागल्या. कोण कुठं वळतंय ते पाठलाग करणारीला दोन्ही बाजूंनी कळू लागलं. एवढ्यात अर्पितानं सृष्टीच्या पाठीवर थाप मारली. "खो!" सृष्टी उठली, चार पावलं पळाली आणि पुढचीला खो देऊन बसली. मी शिट्टी वाजवायची विसरले.

शनिवारी तुळजापूरच्या मैदानावर सामना रंगला. शेवटी आम्हाला बरोबरीला एक गुण हवा होता. पाठलागावर सृष्टी होती, समोरची अगदी हाताशी आली, आणि शिवप्रियाच्या शेजारून पलीकडे निसटली. सृष्टीनं क्षणभरही वाट पाहिली नाही. "खो!" शिवप्रिया दचकली नाही, झेपावली. तिचा हात बोटभर कमी पडला आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. हरलो.

शिवप्रिया मातीत तशीच बसून राहिली, शिव्यांची वाट बघत.

सृष्टी धापा टाकत तिच्यापाशी गेली. "माझा खो उशिरा गेला. तू बरोबर उठलीस."

"न्हाय ताई, टायमावर व्हता. माझाच हात पुरला न्हाय."

"उशिरा गेला म्हणते ना!"

"दोघीबी गप बसा," अर्पिता मध्ये पडली. "मी फाऊल केला तिथंच गेला सामना."

मग काय, जिला तिला आपलीच चूक आठवू लागली. हरल्यावर 'मी नाही, ती' म्हणून भांडणारे संघ मी पुष्कळ पाहिलेत. हे असलं भांडण पहिल्यांदाच पाहत होते.

परतीच्या जीपमध्येही तेच चाललं होतं. कलकलाट ऐकून ड्रायव्हर गुंडप्पांनी विचारलं, "मॅडम, जिकल्या वाटतं पोरी?"

"हरल्या," मी म्हणाले, आणि मागे वळले. "कप्तानीचं काय ठरवलंत मग?"

"त्यात काय ठरवायचं? कप्तान हाय की," अर्पिता वैतागून म्हणाली. "तुमी आधी हिला सांगा, मॅडम. कवाधरनं उशीर उशीर लावलंय."

"खो वेळेवर होता, सृष्टी," मी म्हणाले. "अगदी वेळेवर."

तेव्हा कुठं ती पोर रडली, आणि शिवप्रियानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.