वार्षिक सभेचा खाऊ

शेअरमधलं मला कळतं, हा माज माझाच. फणसवाडीत कुणाचा डिमॅटचा फॉर्म अडला की बोलवा रमाकांतला! रिटायर झाल्यापासून माझा एकच उद्योग. कंपन्यांच्या वार्षिक सभांना जायचं, एखादा प्रश्न ठणकावून विचारायचा आणि खाऊचा बॉक्स घेऊन घरी यायचं.

शेजारच्या कांतावहिनींनी नवऱ्याच्या फंडाचे पैसे स्वस्तघर मार्टच्या बाँडमध्ये ठेवले होते. त्यांची लेक मनू अडतीस वर्षांची, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. वहिनींच्या माघारी तिला सांभाळेल अशी एक संस्था पनवेलला मिळाली होती. बाँडची मुदत संपली की त्यातूनच तिथलं डिपॉझिट भरायचं, एवढंच त्यांचं गणित.

एकदा मी मनूला स्वस्तघरच्या सभेला नेलं. माझ्या बॉक्समधला समोसा तिला दिला, काय खूश झाली! घरी आल्यावर मला चेव चढला.

"वहिनी, बाँडवाल्याला नुसतं व्याज. ना सभेत खुर्ची, ना मत. दादरच्या दुकानात बिलाला रांग बघा केवढी! शेअर घ्या, मालक व्हा."

"तुम्ही म्हणताय तर घेऊ, भावजी."

बाँड मीच विकून दिले. शेअरही मीच घेऊन दिले.

दीड वर्षात कंपनी बुडाली. रांगा खऱ्या होत्या, पण प्रत्येक पिशवीमागे तोटा होता. मी कसले डोंबलाचे प्रश्न विचारत होतो सभेत? आधी बाँडवाल्यांचे पैसे, उरले तर शेअरवाल्यांचे, हा नियम मी वाडीत शंभर जणांना समजावलाय. बाँडवाल्यांना रुपयामागे ऐंशी पैसे मिळाले. आम्हाला भोपळा.

वहिनी कडाकडा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला दिली, भावजी." मग विचारलं, "तुमचं वय काय हो आता?"

"चौऱ्याहत्तर."

"माझं एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीही नाही पुरणार तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांच्या मागून मनू पुढे आली. सभेला घातलेला तोच निळा ड्रेस, केसांना पिन, खांद्याला पर्स.

"काका, मीटिंगला कधी जायचं?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"जाऊ हं, पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.