खोक्यातला ठेका

“धरा तुमी ठेका, मंग मी उचलते,” असं म्हणून बयनाबाई पदर खोचायची, नि तिचा आवाज भजनाच्या ओसरीवरून पार कापसाच्या वावरापर्यंत जायचा. डोमाजीच्या कानात होता तो तेव्हाचा, तिच्या तरुणपणातला आवाज. त्याच्या या बायकोला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. उद्या शेजारच्या मावल्याच्या घरी तिच्या नावानं भजन होतं, आणि ढोलकी तुमचीच, असं मंडळाचा गोपाल सांगायला आला होता.

मागच्या भजनात ठेका भलतीकडेच गेला होता. डोमाजीनं खापर ढोलकीवर फोडलं. थंडीनं उतरली म्हणाला. कापसाच्या जिनिंगमधल्या धडधडत्या यंत्रांपाशी सारी उमर गेलेली. घरात माणसांच्या तोंडाकडे बघत तो बरोबर उत्तरं द्यायचा, आणि नाही जमलं की हसायचा.

सून शीतल खाली बसून तारा सोलत होती. तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर तिनं माहेराहून आणला होता. डीजेवाल्यानं टाकून दिलेल्या मोठ्या सबवूफर स्पीकरच्या खोक्यात आवाज वाढवणारा स्वतःचा जीव नव्हता. रिसीव्हरमागच्या तांबड्या-काळ्या टोकांना त्याच्या तारा जोडून तिनं त्याच्यात जीव ओतला, मोबाइल लावला आणि त्यात भरून ठेवलेलं सासूचं जुनं भजन सुरू केलं.

जमीन थरथरली. डोमाजीच्या तळपायांतून त्याचीच ढोलकी पोटऱ्यांपर्यंत चढत गेली. त्याचे डोळे भरून आले. शीतल आणि चहा घेत बसलेला गोपाल आपल्याकडे बघताहेत हे दिसताच तो घाईनं म्हणाला, “काय आवाज होता हो तिचा. एकेक शब्द साखरेवानी.”

शीतलच्या हातातली पक्कड तशीच राहिली. गोपाल चहाच्या बशीत बघू लागला.

ती उठून जवळ आली, आणि रोजच्यासारखं तोंड त्याच्यासमोर धरून हळू म्हणाली, “बाबा, छोटे स्पीकर लावाचेच आहे अजून. याच्यातून निरा ठोकाच येते. आईचा आवाज लागलाच नाही.”

डोमाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसून न्यावं म्हणून ओठ हलले, पण हसू आलं नाही. गोपाल काहीतरी पुटपुटला. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्यानं खोक्यावर तळवा ठेवला.

“गोपाल, उद्या ढोलकी दुसऱ्याले दे,” तो म्हणाला. “मले आयकू येत नाही. हे आजचं नाही. ती होती तवाबी येत नव्हतं. तिच्या ओठायकडं पाहू पाहू वाजवत होतो मी. तिलेबी सांगतलं नाही.”