दुधासंगं गोळी

गेणबाने पेल्यातल्या दुधावरचा फेस फुंकरीने बाजूला सारला आणि थायरॉइडची गोळी बायकोच्या तळहातावर ठेवली. मांडीवर चंद्री गाईच्या लाथेचा ताजा शिक्का होता. त्याचं त्याला कौतुकच होतं.

“घे. गोळी उष्ण असती. वरनं दूध गेलं म्हंजी बाधत न्हाई.”

गिताबाईने सुजल्या बोटांनी पेला धरला. वर्षभर हेच चाललं होतं. डॉक्टरांनी डोस वाढवत नेला, तरी अंगातला शीण जाईना, बोटांत जोर येईना. आणि चंद्री तर मोठी मानी. गिताबाईशिवाय कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. गेणबाने धारेला बसावं, लाथ खावी आणि पेलाभर दुधावर उठावं. शेवटी गाय विकायचं ठरलं. दौंडचा पोपट नावाचा व्यापारी दिवाळी झाली की न्यायला येणार होता. तेव्हापासून गिताबाई गोठ्याकडे पाठ करून जेवायची.

श्रावणात शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आजी, गोळी चुकते का मधेमधे?”

“न्हाई बाई. एक दिस सुदिक न्हाई.”

“पाण्याबरोबरच घेता ना?”

गिताबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मागच्या खेपेला या प्रश्नाला तिने बिनदिक्कत मान हलवली होती. लोकांसमोर नवऱ्याचा मान कसा उतरवायचा? पण आज तिच्या डोळ्यांपुढे रिकामा गोठा उभा राहिला.

“दुधासंगं,” ती म्हणाली.

“मीच देतो की,” गेणबा खुशीत पुढे सरसावला. “लाथा खाऊन काढतो.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “आबा, दुधामुळे ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. बरीचशी वाया जाते. उद्यापासून सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-न्याहारी तासाभराने, दूध दुपारी. डोस मी कमी करून देते. आता गोळी लागू पडेल.”

 एसटीने न्हावरा गाव मागे टाकल्यावर गेणबाने विचारलं,

“आधी का न्हाई बोललीस?”

“तुम्ही लाथा खात हुता,” गिताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

भाऊबीज झाली आणि सकाळीच पोपटाचा टेम्पो दारात येऊन थांबला. पोपट गोठ्यापाशी आला आणि जागीच थबकला. आत धारा बादलीत नुसत्या वाजत होत्या. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. तिच्या कुशीला डोकं टेकून गिताबाई दोन्ही हातांनी धार काढत होती. बादली फेसाने गच्च भरत आली होती. गेणबा खांबाला टेकून हे सगळं असं बघत होता, जणू आपल्याच मुलीने कुस्ती मारली आहे. त्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यात मावत नव्हता.

त्याने बादलीतून पेला भरला आणि सवयीने बायकोपुढे धरला. मग स्वतःशीच हसून तो पोपटाच्या हातात दिला.

“पी. हिची गोळी आत्ताच झालीया.”

पोपटाने एका दमात पेला रिकामा केला आणि मिशीवरचा फेस पुसला.

“आन् गाय, आबा?”

“दुपारी दूध लागतं हिला,” गेणबा म्हणाला, आणि रिकाम्या टेम्पोला परत वळायला जागा म्हणून अंगणातली बाज उचलून बाजूला ठेवली.