लिंपलेलं दार

सकाळचे आठ. आसगावात जागेश्वरच्या घरी मधल्या खोलीचं दार बाहेरून ओल्या मातीनं लिंपणं चाललं होतं. आत त्याची मुलगी अंजू, दहावीतली. पहाटे तिला मण्यार चावली. पापण्या मिटल्या, हातपाय लुळे पडले. अंगणात अर्धं गाव हात जोडून उभं होतं.

भृंगनाथ महाराजांनी चौकटीवरचं कुंभारीण माशीचं मडकं फोडलं. सुपारीएवढं, मातीचं. आतून हिरव्या अळ्या पडल्या, लुळ्या.

"मेल्या का? नाही. जित्या हायेत का? तेही नाही!" महाराज गरजले. "कुंभारीण वर बसून गुणगुणते, अन् अळीची माशी होऊन उडून जाते. पोरगी तशीच हाये. मी गुणगुणीन. सांगेपर्यंत दार उघडायचं नाही."

मडक्यातून माशी उडताना साऱ्यांनी पाहिली होती. मधलं कोणीच पाहिलं नव्हतं. घरात मडकं बांधलं की पाळणा हलतो, म्हणून ते फोडायचं नाही, ही इथली रीत.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या टीना मॅडम गर्दीतून पुढे आल्या. "जागेश्वरभाऊ, गाडी काढा. पोरीचा श्वास बंद पडून राहिला असंल."

"मॅडम, तुम्ही पुस्तकं शिकवा," महाराज हसले. "इथं भक्ती लागते."

"मंग तुमचंच शास्त्र पुरं पाहू." मॅडमनी शेजारचं जुनं मडकं उखडलं.

"काहून फोडता जी? पाप लागते!" एक बाई ओरडली.

आत वाळलेली कातडी होती, आणि उरलेली हिरवी अळी कुरतडणारं एक गुबगुबीत पांढरं पिल्लू.

"माशी मडक्यात अंडं घालते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते, तोंड बंद करते. गुणगुण पंखांची हाये. अळीची माशी होत नाही जी. अंड्यातून निघालेलं माशीचं पिल्लू अळीले खाते. जितीच."

जागेश्वर गाडी काढायला धावला. त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं, दोन्ही हात दाराच्या मातीत घातले. "माही पोरगी आत हाये!"

"आता काही झालं तर दोष तुमचा!" म्हणत महाराज मोटरसायकलकडे निघाले. बऱ्याच माना डोलल्या.

दवाखान्यात प्रतिविष दिलं, श्वासासाठी यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले, उशिरा आणलं. मण्यारीचं विष स्नायू थांबवतं. शुद्ध पुष्कळदा शाबूत असते. दार लिंपलं जात असताना अंजू बहुधा सारं ऐकत होती.

साप चावला तर औषध दवाखान्यातच आहे. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याचं मडकं मध्येच फोडून पाहावं.

आज संध्याकाळपर्यंत अंजूनं डोळे उघडलेले नाहीत. गावात बोलणं एकच आहे: मॅडमनं दार उघडायला लावलं नसतं, तर पोरगी उठली असती.