ओहोटीतले शंभर आकडे

वायरलेस तपासनीस बेटावर आला की त्याची एक ठरलेली रीत असे. पलीकडच्या किनाऱ्यावर, इस्पितळात बसलेला ऑपरेटर एक ते शंभर आकडे म्हणायचा आणि हा शंभर चौकटींच्या कागदावर, ऐकू येईल त्या आकड्याला खूण करायचा. नव्वदच्या वर खुणा झाल्या की खाली सही. दोन वर्षांत खुणांचा आकडा शहाण्णवच्या खाली कधी उतरला नव्हता.

आज मात्र त्याने लाँच तशीच परत पाठवली.

"राहताय?" लाँचवाला म्हणाला. "पाणी उतरलं की संध्याकाळपर्यंत अडकलात हं!"

"ठाऊक आहे."

लाँच धक्क्याला लागते ती फक्त भरतीत. म्हणजे तोही यायचा भरतीत आणि तासाभरात काम उरकून त्याच लाँचने परतायचा. ओहोटीत त्याने वायरलेस एकदाही तपासला नव्हता. आणि महिन्यापूर्वी भाऊजी, बेटावरच्या त्याच्या ताईचे यजमान, वारले ते ऐन ओहोटीत.

वायरलेस ताईच्याच घरी, पुढच्या खोलीत होता. अकरा घरांच्या बेटावर दवाखाना कुठला! कुणाला काही झालं की ताईने बटण दाबून हाक मारायची, डॉक्टर तिकडून उपाय सांगणार. यंत्र चालतं का हे पाहायला तिने रोज एक हाक मारायची, लाँच लागली की. हा नियमही त्यानेच घातलेला. भाऊजींच्या छातीत कळ आली त्या दिवशी तिने पाऊण तास हाका मारल्या, तिकडून उत्तर आलं नाही. गोळ्या कपाटात होत्या. कोणती द्यायची, एवढंच विचारायचं होतं.

"माझंच चुकलं रे," महिनाभर म्हणत होती तेच ताई आताही म्हणाली. "घाबरून बटण दाबायच्या आधीच बोलत सुटले असेन. तू इतकं शिकवलं होतंस."

खिडकीबाहेर पाणी हळूहळू उतरत होतं.

भर दुपारी, ठरल्या वेळी यंत्र खरखरलं. "काय साहेब, आज पुन्हा बिगरीचा वर्ग?" ऑपरेटरचा आवाज तुटत तुटत आला. "एक... दोन... चार..."

तो खुणा करू लागला. अकरा आला, बारा आला. पुढे नुसती खरखर. त्याने आवाज वाढवला, खरखर वाढली. एकदम एकोणचाळीस उमटला आणि बुडाला. ताई मागे येऊन उभी राहिली होती.

शेवटी त्याने खुणा मोजल्या. तेवीस.

"म्हणजे काय रे?"

लहानपणी तिने त्याला गणितं समजावली होती, तशीच सावकाश त्याने तिला गोष्ट समजावली. "आवाज दोन वाटांनी येतो, ताई. एक सरळ, एक पाण्यावर आपटून. झोपाळा दोघांनी एकाच वेळी पुढे ढकलला तर उंच जातो. एकाने पुढे ढकलला नि दुसऱ्याने मागे ओढला, तर जागीच. पाणी खाली गेलं की दुसरी वाट बदलते. मग दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. इकडून जाणाऱ्या हाकेचंही तेच."

"मग मी बटण बरोबर दाबलं होतं?"

"बरोबर दाबलं होतंस."

ती खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं काही आलं, पण टिकलं नाही.

"पाण्याचं हे तुला आज कळलं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही. शिकलो तेव्हापासून ठाऊक होतं."

"आणि तरी सही केलीस."

"लाँच थांबत नव्हती, ताई."

तिने कागद पुढ्यात ओढला आणि रिकाम्या चौकटींवर एकेक बोट ठेवत मोजू लागली, ओठ हलवत, घाई न करता. सत्त्याहत्तर झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

त्याला उठून जायचं होतं. धक्क्याखाली चिखल उघडा पडला होता, आणि लाँचला अजून पाच तास होते.