कडूसाहेबांची काकडी

"मामा, हा ट्रे कुणी फिरवला?"

माळीमामांच्या हातातली झारी तशीच थांबली. "मीच. रोपं उजेडाकडे माना वाकड्या करून बसली होती, म्हणून उलटा फिरवून ठेवला. का हो ताई, काय बिघडलं?"

ताई मटकन स्टुलावर बसली. बिघडायचं काय राहिलं होतं! भुरी रोगाला दाद न देणारी जंगली काकडी आणि बाजारातली गोड काकडी यांचा संकर तिच्या वडिलांनी, आबांनी, याच हरितगृहात केला होता. रोग हटला, पण कडूपणा चिकटला. रोगाला अडवणारं जनुक आणि कडूपणाचं जनुक एकमेकांना इतकी खेटून की एक आलं की दुसरं पाठोपाठ हजर. आबांनी नोकरीभर काकड्या चाखल्या आणि थुंकल्या. ऑफिसात त्यांचं नावच कडूसाहेब पडलं. निरोप समारंभातही कुणीतरी ते नाव घेऊन हशा पिकवला, आणि आबाही हसले. ताईला मात्र ते फार लागलं होतं.

ती फळाची वाट बघत बसणारी नव्हती. कोवळ्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि दोन्ही जनुकांच्या खुणा तपासायच्या. आज पहिल्यांदाच एका रोपात रोग अडवणारी खूण होती आणि कडूपणाची नव्हती. जोडी फुटली होती! पण रोपांना चिठ्ठ्या नव्हत्या, ट्रेमधली जागा हीच त्यांची ओळख. आणि नव्या संचालकांचा हुकूम होता, संध्याकाळपर्यंत हरितगृह रिकामं करा.

"पानं घेतल्यावर किती वेळा फिरवलात?"

"आता ते कुठलं आठवायला! मनाला आलं की फिरवतो."

ताईने डोकं धरलं, आणि मग एकदम हसलीच. लांबट ट्रे, फिरवून फिरवून जाणार कुठे? सुलटा नाहीतर उलटा. म्हणजे नोंदीत कोपऱ्यात असलेलं ते रोप एक तर या कोपऱ्यात, नाहीतर तिरप्या समोरच्या. तिने दोन्ही उचलली, नवी पानं तोडली आणि प्रयोगशाळेत धाव घेतली. संचालक घड्याळ बघत दारात आले, तेव्हा पडद्यावर एका रोपाची रोग अडवणारी खूण लखलखत होती आणि कडूपणाची जागा रिकामी होती.

"हेच?" मरतुकड्या रोपाकडे बघत त्यांनी विचारलं.

"हेच," ताई म्हणाली. "आता हरितगृह खुशाल रिकामं करा. याला तेवढी एक कुंडी द्या."

त्या कुंडीतल्या वेलावर भुरीचा ठिपकाही पडला नाही. पहिली काकडी ताईने कुणाला हात लावू न देता घरी नेली आणि आबांपुढे चकत्या केल्या. चकती पुढे केल्यावर तिला आठवलं. घशाच्या उपचारांनंतर आबांच्या तोंडाची चव पार गेली होती.

आबांनी बशी तिच्याकडे सरकवली. "मला काय कळणार आता? तू खा. देठाकडची खा, खरा कडूपणा तिथे असतो. मी तुझ्या तोंडाकडे बघतो."

ती खाऊ लागली. एक चकती, मग दुसरी. आबा खुर्ची पुढे ओढून, चष्मा वर सारून, डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि तिचं तोंड काही केल्या वाकडं होत नव्हतं.